एक तास बत्तीस मिनिटांचं थोतांड

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पावसाळा आला, मग आळस. खरं सांगायचं तर राग आल्याशिवाय माझ्या हातून हल्ली लिहून होत नाही. ह्या वेळी राग आलाय तो एका आकड्याचा.

झालं असं. आमच्या घराण्याचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे (तुमच्याही घरी असेलच). माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आमच्या अक्काच्या नातीचं लग्न ठरलंय, फेब्रुवारीत, गोंदियाला. बातमी आली, पेढ्यांची चित्रं आली, आणि मग कुणीतरी विचारलं, "गोंदिया नेमकं किती लांब पडतं हो?" दोन मिनिटांत पुण्याच्या एका भाच्यानं जालावरून उत्तर शोधून टाकलं : कोल्हापूर विमानतळ ते गोंदिया विमानतळ, अंतर ८३० किलोमीटर, उड्डाणवेळ १ तास ३२ मिनिटं. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. एका उत्साही सूनबाईंनी लिहिलं, "अगं बाई, म्हणजे सकाळी निघून जेवायला पोचू की!"

मी फोन पालथा ठेवला आणि चहा टाकायला उठले. कारण हा आकडा मी पहिल्यांदा पाहत नव्हते. अगदी हाच, मिनिटासकट, जुलै २०१९ मध्ये मला सांगितला गेला होता. त्याची गोष्ट पुढे येईलच. आधी ह्या आकड्याची झडती घेऊ.

मी चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. भूगोलाचा मास्तर आणि त्यातून मराठी माध्यमातला बी.ए., म्हणजे आकडेवारीत फार हुशार नव्हे, पण नकाशा वाचता येतो. पाचवी-सहावीच्या मुलांना मी पृथ्वीगोलावर दोरा ताणून दोन गावांमधलं अंतर मोजायला शिकवायची. दोरा इकडच्या टोकाला धरायचा, तिकडच्या टोकाला धरायचा, ताणायचा, आणि मग पट्टीवर ठेवून मोजायचा. जालावरची ही अंतरं सांगणारी पानं तेवढंच करतात. दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतात आणि हिशेबाने दोरा ताणतात. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तरेला, ७४.३ अंश पूर्वेला. गोंदिया २१.५ उत्तर, ८०.३ पूर्व. कागद-पेन्सिल घेऊन मीही करून पाहिलं, ८३० च्या आसपासच येतं. तेव्हा अंतर बरोबर आहे. दोऱ्याला दोष नाही.

आता उड्डाणवेळ. ती कुठून आली? कुठल्या वैमानिकाला विचारून आलेली नाही. ताशी आठशे किलोमीटर असा जेट विमानाचा एक सरासरी वेग धरायचा, ८३० ला त्यानं भागायचं, बासष्ट मिनिटं येतात. चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वरून टाकायचा. झाले एक तास बत्तीस मिनिटं. त्रैराशिक! आमच्या सहावीतल्या पोरांनीही काढलं असतं. पण पोरांना मी एक प्रश्न हमखास विचारायची : "उत्तर आलं, पण ते खरं वाटतंय का?" हौदाचं गणित सोडवताना उत्तर "अडीच माणसं" आलं, तर गणित कुठंतरी चुकलंय हे कळायला नको का?

२०१९ साली कोल्हापूरच्या धावपट्टीची लांबी होती १३७० मीटर. त्यावर उतरायची ती पंख्यांची, सत्तरेक आसनांची छोटी विमानं. त्यांचा वेग ताशी पाचशेच्या आसपास. म्हणजे आठशेनं भागणं इथंच चुकलं, दीड तासाचे दोन तास झाले. (आता धावपट्टी वाढून १९३० मीटर झाली आहे, मार्च २०२४ मध्ये नव्या इमारतीचं उद्घाटनही झालं. चांगलंच झालं.) दुसरं टोक गोंदियाचं. तिथला बिरसीचा विमानतळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधला. धावपट्टी सुमारे २३०० मीटर, म्हणजे तेव्हाच्या कोल्हापूरपेक्षा जवळपास दोन-तृतीयांशानं जास्त. तिथं वैमानिक घडवणाऱ्या संस्था आहेत, शिकाऊ पोरं दिवसभर घिरट्या घालत असतात. पण २०१९ मध्ये तिथून तिकीट काढून बसता येईल असं एकही प्रवासी विमान उडत नव्हतं. एकही नाही! तरीसुद्धा जालावर उड्डाणवेळ होती. मिनिटासकट होती.

जिथं विमानच नाही तिथल्या विमानाला किती वेळ लागतो, हे सांगणाऱ्याला काय म्हणायचं? आमच्याकडं म्हणतात, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

आता दोरा जरा नकाशावर ठेवून पाहा. कोल्हापूरहून निघालेली सरळ रेघ सोलापूर जिल्ह्यावरून जाते, बरोबर मध्यावर नांदेड येतं, मग वरोरा-हिंगणघाटच्या अधूनमधून ती वर गोंदियाला टेकते. सुंदर रेघ आहे. पण त्या रेघेवरून कावळासुद्धा जात नाही. माणसं जातात ती महाराष्ट्र एक्सप्रेसनं. कोल्हापूर, मिरज, सांगली, सातारा, पुणे, दौंड, नगर, मनमाड, जळगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा, नागपूर, भंडारा रोड, गोंदिया. तेराशे किलोमीटरांहून जास्त अंतर, सुमारे अठ्ठावीस तास. एकाच राज्याच्या पोटात सुरू होऊन त्याच राज्याच्या पोटात संपणारी एवढ्या लांबीची दुसरी गाडी देशात नाही, असं सांगतात. मधली राज्यं न ओलांडता माणूस एक अख्खा दिवस आणि वर चार तास चालतच राहतो, ह्याचा अभिमान वाटावा की लाज, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

ही गाडी अशी धनुष्यासारखी वाकडी का जाते? कारण आपले लोहमार्ग कोल्हापूरच्या माणसाला गोंदियाला नेण्यासाठी टाकलेच नव्हते. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली, मग रूळ पुढे दोन घाटांतून वर चढले, एक बोरघाटातून पुण्याकडे, एक थळघाटातून नाशिक-भुसावळ-नागपूरकडे. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात यावा, हे त्यातलं मोठं कारण. सगळे रस्ते मुंबईकडे. दोन फाटे जोडायला १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग झाला, म्हणून निदान कल्याणपर्यंत खाली उतरावं लागत नाही. म्हणजे वाकडेपणाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. इंग्रजाला आपल्या अक्कांशी काय देणंघेणं?

पण विमानाला तर रूळ लागत नाहीत! आकाशात घाट नाहीत. तरीही आपण आकाशात तीच वाकडी वाट पुन्हा आखली. छोट्या गावाचं विमान जातं ते मोठ्या शहराला. तिथं थांबायचं, पाच-सहा तास काचेतून बघत बसायचं, आणि मग दुसऱ्या विमानानं दुसऱ्या गावाजवळच्या मोठ्या गावाला. कोल्हापूर-हैदराबाद हवेतून साडेचारशे किलोमीटरांच्या आत आहे, हैदराबाद-नागपूर जवळपास तेवढंच. बेरीज पावणेनऊशेच्या घरात. म्हणजे अंतर फारसं वाढत नाही. वाढते ती वाट पाहणं. आणि ती कुठल्याच आकड्यात धरलेली नसते.

आता २०१९ ची गोष्ट.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. भाऊजी रेल्वेत, गोंदियाच्या नॅरोगेज गाड्यांवर गार्ड. नोकरी तिकडची, म्हणून संसार तिकडचा. लग्नानंतर ती पहिल्यांदा माहेरी आली ती चौदा महिन्यांनी. आई तिला पोचवताना नेहमी एकच म्हणायची, "लांब दिली गं पोरीला." त्या "लांब"मध्ये किलोमीटर नव्हते. पत्र किती दिवसांनी येतं, बाळंतपणाला जाता येईल का, ह्याचं ते माप होतं. पुढं दर दोन-तीन वर्षांनी आम्ही भेटायचो. भेटलो की रात्र रात्र बोलायचो.

जुलैतल्या एका मंगळवारी सकाळी अकराला भाच्याचा फोन आला. अक्काला दवाखान्यात ठेवलंय, हृदय थकलंय, डॉक्टर म्हणतात ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. मी कपाटातून पिशवी काढली. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही, दुपारची महाराष्ट्र एक्सप्रेस. तीनच्या सुमाराला सुटते, उद्या संध्याकाळी गोंदिया. आरक्षण मिळो न मिळो, टी.सी.च्या पाया पडेन, बायकांच्या डब्यात दाराशी बसून जाईन. ह्यांनाही ते पटलं. डबा करायला घेतला.

तेवढ्यात चिरंजीवांचा फोन, न्यू जर्सीहून. त्याच्याकडे रात्रीचा दीड. बिचारा झोपेतून उठून संगणकावर बसलेला. "आई, वेडी आहेस का? सत्तरीच्या वयात अठ्ठावीस तास, तेही बिनआरक्षणाचं? मी बघितलंय, एक तास बत्तीस मिनिटांचं अंतर आहे! मी बघतो विमानाचं, तू शांत राहा." आणि मी शांत राहिले.

तासाभरानं त्याचा पुन्हा फोन. थेट विमान काही सापडत नाहीये, पण बुधवारी दुपारी कोल्हापूरहून हैदराबाद, संध्याकाळी हैदराबादहून नागपूर, तिथून मोटार, रात्री बाराच्या सुमारास गोंदिया. मी हो म्हटलं. आज हा हिशेब पुन्हा मांडते तेव्हा माझं मलाच नवल वाटतं. मंगळवारच्या गाडीनं मी बुधवारी संध्याकाळी पोचले असते. विमानानं पोचणार होते बुधवारी मध्यरात्री. म्हणजे सगळं सुरळीत पार पडलं असतं तरीसुद्धा विमान मागेच होतं! हे न्यू जर्सीतल्या इंजिनिअरच्या लक्षात आलं नाही, ह्यांच्या आलं नाही, आणि चौतीस वर्षं पोरांना "उत्तर खरं वाटतंय का" विचारणाऱ्या माझ्याही आलं नाही. कारण आम्हा सगळ्यांच्या डोक्यात दीड तास बसला होता. दीड तासाची वाट असताना अठ्ठावीस तासांची कोण धरील?

बुधवारी विमानतळावर गेलो. उजळाईवाडीवर ढग इतके खाली उतरले होते की समोरची झाडं दिसेनात. विमान वर घिरट्या घालून परत गेलं म्हणे. रद्द. त्यात दोष कुणाचा नाही, जुलैच्या ढगांचा. काउंटरवरची पोरगी चांगली होती, तिनं पाणी आणून दिलं, दुसऱ्या दिवशीच्या विमानात बसवून दिलं. गुरुवारी मी निघाले. हैदराबादला साडेपाच तास बसले. नागपूरहून मोटारीनं निघालो तेव्हा पाऊस होता. गोंदियाला पोचले रात्री साडेबाराला.

अक्का गुरुवारी पहाटे गेली होती. माझ्यासाठी थांबले होते, म्हणून अजून घरात होती.

भाचा नंतर बोलता बोलता सांगत होता. त्याच्या मनात काही नव्हतं, सहज सांगत होता. "मंगळवारी आई विचारून राहिली होती ना मावशी, शकू कुठवर आली म्हणून. मी म्हटलं, विमानानं येते, दीड तासाचं काम आहे. तर बुधवारी दिवसभर दाराकडेच बघत होती."

मी ह्यावर इतकी वर्षं लिहिलं नाही. लिहिणारही नव्हते. चिरंजीव हे पान वाचतात, आणि त्याला मी कधी एका शब्दानं बोलले नाही. त्यानं मायेपोटी केलं, आणि हो मी म्हटलं होतं. बाळा, हे तुझ्यावर नाही. हे त्या आकड्यावर आहे. गेल्या आठवड्यात तोच आकडा पुन्हा घरात आला, अंगठे घेऊन आला, म्हणून बोलते आहे.

आता काही जण म्हणतील (एक भाचेजावई तर म्हणूनच झाले), "मावशी, ते पान कुठं म्हणतं की विमान आहे? ते नुसतं भूमितीचं उत्तर आहे." मला हे उत्तर मान्य नाही. अंतर हे भूमितीचं उत्तर आहे, ते मी सुरुवातीलाच मान्य केलं. वेळ हे भूमितीचं उत्तर नाही. वेळ म्हटलं की ती कुणाची तरी असते. "उड्डाणवेळ" हा शब्द वापरला की ऐकणारा उड्डाण धरून चालतो. दुकानदारानं पाटीवर "साखर चाळीस रुपये" लिहिलं आणि आत साखरच नसली, तर तो भाव सांगत होता, साखर आहे असं कुठं म्हणाला, हे चालेल का?

दुसरं म्हणतील, आता परिस्थिती बदलली आहे, छोट्या गावांना विमानं मिळाली आहेत. मिळाली, खरं आहे. एप्रिल २०१७ मध्ये "उडान" योजनेतली पहिली विमानं उडाली तेव्हा त्यात आपलं नांदेडही होतं, हैदराबादला जोडलेलं. तासाभराच्या प्रवासाला निम्म्या आसनांसाठी अडीच हजारांच्या आसपास भाड्याची मर्यादा. हवाई चप्पल घालणारा माणूस विमानात बसेल असं सांगितलं गेलं. मलाही आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? गोंदियालासुद्धा मार्च २०२२ मध्ये इंदूर-हैदराबादला जोडणारं प्रवासी विमान आलं. भाच्यानं फोटो पाठवले. काही महिन्यांत ते थांबलं. मग डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीचं आलं, हैदराबाद-तिरुपतीचं. येतात आणि जातात. पाहुण्यासारखी.

हे माझं रडगाणं नव्हे. कॅगचा २०२३ चा अहवाल आहे. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग वाटले. त्यातले सुरू झाले ३७१. सवलतीची तीन वर्षं पुरी केली ११२ मार्गांनी. आणि सवलत संपल्यावर मार्च २०२३ मध्ये तग धरून होते ५४. सातशे चौऱ्याहत्तरांत चोपन्न, म्हणजे शंभरात सात. आमच्या शाळेत पस्तीसला पास करायचे, आणि एखाद्याला एकतीस असले तर चार कृपागुण देऊन ढकलायचे. साताला काय देऊन ढकलणार?

तिसरा मुद्दा मागणीचा. कोल्हापूरहून गोंदियाला रोज किती माणसं जाणार? सत्तर आसनं भरतील का? नाही भरणार, हे मलाही कळतं. मी कोल्हापूर-गोंदिया विमान मागतच नाही. लोकांच्या करातून अर्ध्या रिकाम्या विमानाचा तोटा भरावा असंही माझं म्हणणं नाही. मी मागते आहे तो खरेपणा. आणि जी गाडी आहे, जी रोज धावते, ढगांत अडकत नाही, तिच्याकडे जरा लक्ष.

महाराष्ट्र एक्सप्रेसचा सरासरी वेग काढा. तेराशे चाळीसेक किलोमीटर भागिले अठ्ठावीस. ताशी अठ्ठेचाळीसच्या घरात. नाव एक्सप्रेस! ही गाडी नुसती पासष्टच्या सरासरीनं धावली तरी सात तास वाचतील. त्याला ना धावपट्टी वाढवावी लागते, ना कुणाची जमीन जाते. काही थांबे दुसऱ्या गाड्यांना द्या, खोळंबे कमी करा. (थांबे कमी केले तर मधल्या गावांचं काय, हा प्रश्न खरा आहे. त्यांना वेगळी गाडी द्या. एकाच गाडीनं मेलचंही काम करायचं आणि पॅसेंजरचंही, म्हणून तर ती दोन्हीकडून बदनाम.) आणि सत्तरीच्या माणसाला ऐनवेळी झोपायला एक बाक मिळेल एवढी सोय असू द्या. मी २०१९ मध्ये त्या गाडीला नाही म्हटलं त्याचं एक कारण ती वेळखाऊ होती. दुसरं, खरं कारण, आरक्षण मिळणार नाही ही धास्ती.

उलट झालं काय? आम्हा म्हाताऱ्यांना रेल्वेच्या तिकिटात सवलत होती, बायकांना निम्मी. ती मार्च २०२० मध्ये बंद केली. एकीकडे विमान कंपन्यांचा तोटा भरून द्यायला योजना, दुसरीकडे गाडीनं बहिणीला भेटायला जाणाऱ्या म्हातारीचं अर्धं तिकीट जड! ह्याचा ताळेबंद कुणीतरी मला समजावून सांगा. मी शिकायला तयार आहे.

माझं म्हणणं थोडक्यात एवढंच आहे. कुणी दोन गावांतलं अंतर सांगताना वेळ सांगणार असेल तर तीन गोष्टी सांगाव्यात. आज तिथं जाणारं वाहन आहे का. ते आठवड्यातून किती वेळा जातं. आणि आपल्या घराच्या उंबऱ्यापासून त्यांच्या उंबऱ्यापर्यंत किती तास लागतात, वाट पाहण्यासकट. ह्यातलं एकही सांगता येत नसेल तर फक्त किलोमीटर सांगावेत आणि गप्प बसावं. पुढाऱ्यांनी भाषणात "अमुक शहर आता तासाभरावर" म्हणावं तेव्हा श्रोत्यांतल्या एकानं तरी उठून विचारावं, "साहेब, कुणाच्या उंबऱ्यापासून?"

आणि आपणही आपल्या माणसांना "दीड तासाचं तर काम आहे" म्हणणं सोडावं. दीड तासावर असलेल्या माणसाला आपण उद्या भेटू, परवा भेटू म्हणतो. अठ्ठावीस तासांवर असलेल्याकडे आजच निघतो. आई "लांब दिली" म्हणायची तेव्हा तिला गोंदियाचा रस्ता ठाऊक नव्हता, पण अंतर बरोबर ठाऊक होतं. आम्ही शिकलेल्यांनी ते चुकवलं. मीही चुकवलं. इतकी वर्षं पोरांना दोरा ताणायला शिकवला, आणि दोरा उचलून "आता इथं खरंच जायचं तर कसं जाल?" हे एकदाही विचारलं नाही. पुन्हा वर्ग मिळाला तर विचारीन. मिळणार नाही, म्हणून इथं लिहिते.

असो. राग बराचसा उतरला.

लग्नाला येणाऱ्या नातेवाइकांसाठी सूचना : रेल्वेचं आरक्षण हल्ली साठ दिवस आधी उघडतं. मी तारखेवर खूण करून ठेवली आहे, आणि त्या दिवशी सकाळी आठच्या आधी नातू संगणकावर बसणार आहे. माझ्याबरोबर ज्यांना यायचं असेल त्यांनी नावं आणि वयं कळवावीत. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दही मी घेते. सूनबाई, तुम्ही सकाळी निघून जेवायला पोचणार असलात तर खुशाल या, आम्ही आदल्या संध्याकाळीच पोचलेलो असू. पंगतीत तुमची जागा धरून ठेवते.

नवरीमुलगी अक्कासारखी दिसते म्हणतात. मला बघायची घाई आहे, म्हणून मी गाडीनं जाते आहे.